गावकीचा दोर

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच कायदा केला, आणि तो त्यांच्याच गळ्याशी आला.

आमचं गाव अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या अलीकडे. गाव म्हणायचं आपलं, आता उरलीय ती एक गल्ली. दोन्ही बाजूंना घरं, घरांना ओटे, आणि मधून एक गाडी कशीबशी जाईल एवढा रस्ता. समोरून रिक्षा आली तर एकाने ओट्याला घासून उभं राहायचं आणि दुसऱ्याने तोंडातल्या तोंडात शिव्या देत पुढे जायचं. गल्लीच्या मागे आमची भातखाचरं होती. तिथे आता टॉवर आहेत. टॉवरवाल्यांना स्टेशनकडे जायला पाइपलाइनचा मोठा रस्ता आहे, पण तो लांबचा पडतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ टॉवरमधली यच्चयावत गाडी आमच्या गल्लीतून. बाया ओट्यावर तांदूळ निवडायला बसल्या की सुपात धूर.

एका सकाळी आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकीच्या पायावरून चाक गेलं. चालवणाऱ्याने काच अर्धी खाली केली, सॉरी म्हटलं आणि काच वर केली. त्या संध्याकाळी गावदेवीच्या देवळात गावकी बसली. गावकी म्हणजे घरटी एक माणूस. तिथे ठरलं ते सगळ्यांना लागू, आणि बदलायचं तर पुन्हा सगळ्या घरांनी देवळातच बसायचं. बाबांचा शब्द गावकीत चालायचा. ते म्हणाले, "रस्ता बंद करू नका. पोलीस येतील, कोर्टकचेरी होईल. दोर बांदा. गर्दीच्या टायमाला ज्याला गावातशी जायाचाय त्यानी डब्यात नोट टाकायची न् जायाचा. नाय टाकायची तं लांबचा रस्ता मोकला हाय."

गर्दीच्या वेळी गाडी घालायची तर पैसे मोजा. टॉवरच्या ग्रुपवर कोणीतरी मागेच पाठवलं होतं, परदेशातल्या मोठ्या शहरांत असंच असतं, याला म्हणतात शिस्त. त्याला अंगठेच अंगठे आले होते. तीच शिस्त एका लुंगीवाल्याने नायलॉनचा दोर बांधून लावल्यावर तिचं नाव हप्तावसुली झालं.

हे मला ठाऊक असायचं कारण त्या ग्रुपमध्ये मीही होते. मी गावची लेक, आणि राहते टॉवरमध्ये. लग्न होऊन बदलापूरला गेले, पुढे नवऱ्याची बदली झाली पुण्याला, मुलांच्या शाळा इकडे, म्हणून आम्ही भातखाचरांवर उभ्या राहिलेल्या त्याच इमारतीत फ्लॅट घेतला. नवरा शनिवारी येतो. माझ्या बाल्कनीतून बाबांच्या घराची कौलं दिसतात.

दोर लागला त्या पहिल्याच सकाळी मी गाडी घेऊन गेले, तर बाबाच पाळीवर. प्रत्येक घराची पाळी होती, पहिली त्यांनी मागून घेतलेली. मी काचेतून हसले. त्यांनी डबा पुढे केला.

"बाबा, मी हाय."

"दिसतंय मना. गारी टॉवरची हाय ना? टाक."

माहेरवाशिणीकडून माहेरच्या वेशीवर पैसे घेतात, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्यात लेक आली की तिची ओटी भरायची रीत आहे, तिच्यापुढे डबा धरायची नाही. ओट्यावरच्या बायाही म्हणाल्या, "ओ भाऊ, लेकीच्या हातचा घेता? पाप लागंल." बाबा म्हणाले, "मी लेकीला सोरली तं उद्या हरेक जन आपली बहीन सोरील. दोर सगल्यांना सारका." मी नोट टाकली आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मला राग लवकर येतो. तो त्यांच्याकडूनच आलाय.

सूट फक्त तिघांना होती, आणि तीही बाबांनीच देवळात सांगितलेली: शाळेची व्हॅन, नवरा-नवरीची गाडी आणि मर्तिकाची गाडी. यातलं कोणी आलं की रांगेतल्या सगळ्यांनी गाड्या ओट्यांना लावायच्या, दोर जमिनीवर टाकायचा आणि वाट द्यायची. आजारी माणूस मात्र कुणाच्या डोक्यातच आला नाही. एवढी घरं बसली होती, पण एकालाही सुचलं नाही. आमच्या लोकांना लग्न कळतं, मयत कळतं. मधलं जे आजारपण, ते घरात खाटेवर पडून काढायचं असतं. खाटेवरचा माणूस एक तर बरा होऊन शेतावर जायचा, नाहीतर सूट मिळालेल्या तिसऱ्या गाडीत बसायचा.

त्या दिवसांत बाबांच्या पायांना सूज येत होती. ते म्हणायचे, चपला लहान झाल्या.

चपला लहान झाल्या नव्हत्या, किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं, एकाआड एक दिवस, उल्हासनगरला. भावाची नोकरी एमआयडीसीत, पाळीची. त्याच्याकडे मोटरसायकल. तेव्हा बाबांना नेणं-आणणं माझ्याकडे आलं. मशीनवर सकाळची दुसरी पाळी मिळाली. पहिली मिळावी म्हणून मी त्या सेंटरच्या माणसापुढे हात जोडले, पण पहिल्या पाळीतलं कुणी गेल्याशिवाय जागा होत नाही, असं तो म्हणाला. गेल्याशिवाय म्हणजे काय ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या पाळीला पोचायचं तर निघायचं नेमकं दोराच्या वेळात. बाबांचं घर गल्लीच्या मधोमध. मागच्या बाजूने बाहेर पडावं तर टॉवरकडून गाड्यांची रीघ तोंडावर येणारी, एका गाडीच्या रस्त्यात उलटं जाणार कसं? म्हणजे रांगेत घुसायचं, आणि गोगलगाईसारखं दोरापर्यंत सरकायचं. कारण प्रत्येक गाडी दोराशी थांबून भांडायची. सुट्टे नाहीत, काल दिले होते, तुम्ही कोण विचारणारे. गर्दी कमी व्हावी म्हणून लावलेला दोर, आणि त्याच्यामुळे गल्लीचं पार तुंबलेलं गटार. महिन्याभरात अर्धी माणसं लांबच्या रस्त्याने जायला लागतील असं बाबांचं गणित होतं. लागलीही असती. पण टॉवरवाले हट्टाला पेटले. पैसे देऊ, भांडू, पण गल्लीतूनच जाऊ. आमच्या गावाला हट्ट नवा नाही, पण शिकलेल्यांचा हट्ट जास्त चिवट असतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सिंधी काका राहतात. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये त्यांचं कपड्यांचं दुकान. ते रोज काचेतून मान बाहेर काढायचे, "दीदी, ये क्या रोज का नाटक है? तुम्हारे पिताजी बैठे हैं, उनको बोलो ना, पेशंट के लिए तो खोल दो." मी मागे वळून बाबांना सांगायचे, ऐका, तो परका माणूस काय म्हणतोय. बाबा मागच्या सीटवर टॉवेल गुंडाळून बसलेले असायचे. श्वास लागलेला, ओठ सुकलेले. पाणी बंदच होतं जवळजवळ, दिवसाला मोजून भांडंभर. ते म्हणायचे, "गावकीत ठरला नाय. तवा मी बोललो नाय. आता मना लागतंय म्हनून बोलू?" मी स्टिअरिंगवर हात आपटायचे. रडायचेसुद्धा, लपवून नाही, उघड. त्यांना वाटायला हवं होतं काहीतरी. त्यांना वाटत होतंही, पण ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

पावसाळ्याच्या शेवटी एक सोमवार आला. रविवारी घरी पाहुणे होते, त्यांच्यासोबत बाबांनी चोरून माशाचं कालवण खाल्लं होतं आणि वर पाणी प्यायले होते. सकाळी मी गेले तर खाटेवर उठून बसलेले, पडताच येत नव्हतं. छातीत पाणी भरलं की माणूस आडवा होऊ शकत नाही. श्वासाचा आवाज ओट्यावर ऐकू येत होता. भाऊ त्या दिवशी घरी होता. आम्ही दोघांनी त्यांना गाडीत घातलं. त्यांनी नुसता माझा हात धरला, आणि त्या हाताला जोर नव्हता.

रांग दोरापासून आमच्या ओट्याच्याही मागे गेलेली. मी हॉर्न दाबून धरला. पुढच्या गाडीतल्या माणसाने आरशातून बघून हात हलवला, म्हणजे थांबा. मी उतरून त्याच्या काचेवर मारलं. तो म्हणाला, "मॅडम, मी कुठे जाऊ? वर उडू?" खरंच होतं त्याचं. मी आत येऊन बसले आणि मला काहीच सुचेना. बाबांचे डोळे मोठे झाले होते. बुडणारा माणूस जसा बघतो तसे ते बघत होते. मी गावदेवीला काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही.

भाऊ दार उघडून उतरला. मला वाटलं, हा भांडायला चालला. तो रांगेच्या बाजूबाजूने पळत सुटला आणि दोन्ही हात वर करून ओरडायला लागला, "मर्तिक हाय! मर्तिकाची गारी हाय! वाट द्या! दोर टाका!"

आणि गल्ली उघडली.

मी तसं कधी पाहिलं नव्हतं. ज्या गाड्या इंचभर हलत नव्हत्या त्या ओट्यांना चिकटल्या. एकाचा आरसा आमच्या काकीच्या खांबाला लागून तुटला, तो उतरून बघतसुद्धा नाही. सिंधी काकांनी गाडी जवळजवळ गटारात घातली, खाली उतरले आणि हात जोडून उभे राहिले. दोराच्या पाळीवर माझा चुलतभाऊ होता. त्याने दोर टाकला आणि डोकीवरची टोपी काढली. ओट्यांवरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. मी गाडी काढली. मागच्या सीटवर माझा बाप जिवंत बसला होता, आणि दोन्हीकडून माणसं त्याला हात जोडत होती. बायांतल्या एकीने आमच्या दारात बसून रडायला सुरुवातही केली होती. ते बाबांना ऐकू गेलं. मी आरशात पाहिलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

दोराशी भाऊ पुन्हा गाडीत बसला, आणि आम्ही वेळेवर पोचलो. मशीन लागलं, पाणी निघालं, दुपारपर्यंत त्यांचा श्वास खाली बसला. भावाने गावात फोन करून सांगायला हवं होतं. मीही सांगायला हवं होतं. पण आम्ही दोघं त्या बाकड्यावर बधिर होऊन बसलो होतो, आणि फोन भावाने घाईत घरी टाकलेला, माझा गाडीत.

आम्ही परत आलो तर दारात गाव, दवाखान्यातून मयत यायची वाट बघत. भिंतीला हिरवे बांबू टेकवून ठेवलेले, शेजारी सुतळीची गुंडी, नवं मडकं. आत्या बदलापूरहून आली होती, तिचा आवाज बसला होता रडून. बाबा गाडीतून उतरले, भावाच्या खांद्याला धरून. आत्याने त्यांच्याकडे बघितलं आणि तिची दातखीळ बसायची बाकी राहिली. बाबा ओट्यावर टेकले. बांबूंकडे बघितलं. मग आत्याला म्हणाले, "रडून झाला आसंल तं चाय टाक. आल्यागेल्याला उपाशी पाठवू नको."

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला इतकं रडू आलं की वहिनी मला आत घेऊन गेली. रात्रीच्या जेवणाला बाबांनी भावाला समोर बसवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मयताला कोनी खोटा बोलत नाय, म्हनून त्यांनी वाट दिली. आता मी खराच मेलो तं कोन मानील?" भावाने मान खाली घातली आणि ताटातला भात तसाच ठेवला.

पुढच्याच आठवड्यात देवळात गावकी बसली. भावाला बोल लागला, पण पोरगा बापासाठी करून गेला म्हणून सोडलं. आणि चौथी सूट झाली: आजारी माणसाची गाडी. मी त्या दिवशी गावदेवीला नारळ फोडला. चार दिवस बाबांची गाडी वाऱ्यासारखी गेली. पाचव्या दिवसापासून अख्खा टॉवर आजारी पडला. कुणाचं बीपी, कुणाचा गुडघा, कुणाची सासू मागच्या सीटवर झोपण्याचं नाटक करतेय. सिंधी काकांनी मानेला पट्टा बांधला. मी बघतेय हे बघून तेही ओशाळले, म्हणाले, "दीदी, दुकान का टाइम है, क्या करूँ." बाजूला घ्यायला कुणी उरलंच नाही, कारण सगळेच सूट घेतलेले. खरा आजारी कोण हे दोरावरच्या माणसाने ओळखायचं कसं? नाडी बघून?

गावकी पुन्हा बसली. आजाऱ्याची सूट काढायची कुणी म्हणायचं, हा प्रश्न होता, कारण बाबा समोर बसलेले. शेवटी तेच बोलले. "काढून टाका. दोर सगल्यांना सारका."

मी देवळाच्या बाहेर उभी होते. लेकीला गावकीत बसायचा हक्क नाही. मी बाहेरून ओरडले, "बाबा, तुमाला मराचाय काय?" सगळ्या पुरुषांनी माना वळवल्या. बाबांनी वळवली नाही. घरी जाताना रस्त्यात म्हणाले, "पोरी, मी नियम मोडून जगलो तं मानसा मना काय म्हनतील, त्याचा मना भ्याव नाय. पन गल्लीत पोरा खेलतात. दोर सुटला तं गारी कुनाची ऐकंल?" उत्तरं होती माझ्याकडे, बरीच होती. पण तो माणूस चालताना दर चार पावलांना थांबत होता.

मग तसेच दिवस गेले. मी लवकर जायचे, रांगेत थांबायचे, डब्यात नोट टाकायचे, बाबांना घेऊन पोचायचे, कधी वेळेवर, कधी उशिरा. उशीर झाला की मशीन तेवढं कमी चालायचं. माझं डोकं फिरायचं ते त्या दोरावर, बाबांवर, टॉवरवर, आणि त्या टॉवरमध्ये फ्लॅट घेणाऱ्या स्वतःवर. दिवाळी गेली. बाबा हलके होत गेले. उचलताना कळायचं.

एक दिवस सेंटरचं मशीन बिघडलं, पाळी लांबली, आणि उल्हासनगरहून निघायला संध्याकाळ झाली, पण तेव्हा ते बरे होते. मशीननंतर नेहमी झोप लागायची तशी झोप येत होती त्यांना. अंबरनाथच्या अलीकडे म्हणाले, "घोटभर पानी दे." मी म्हटलं, "घरी गेल्यावर. आज जास्त झालंय तुमचं." ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मी विचारलं, गार लागतंय का, काच वर करू? तेव्हाही बोलले नाहीत. मग मी आरशात पाहिलं.

रस्त्याकडेला एक दवाखाना होता. मी गाडी तशीच आडवी लावून आत धावले. डॉक्टर बाहेर आला, तरुण होता, त्याने मनगट धरलं, छातीला नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, गेलेत." ॲम्ब्युलन्स बोलवू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नको, घर इथेच आहे. पाण्याची बाटली माझ्या बाजूच्या सीटवर होती. भरलेली होती.

मी भावाला फोन केला नाही. मला वाटलं, घरी नेऊ आधी.

संध्याकाळची रांग गावाच्या तोंडापासून मोठ्या रस्त्यापर्यंत आली होती. ऑफिसं सुटलेली. मी शेवटच्या गाडीमागे थांबले. एक हाक मारायची होती. काच खाली करून एक शब्द बोलले असते, तर ती सगळी रांग कडेला झाली असती, दोर जमिनीवर पडला असता, आणि यावेळी तर ते नियमात होतं, बाबांच्या स्वतःच्या नियमात. मी काच खाली केली. तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता आणि तो बाहेर येईना. मागे एकदा तो शब्द गल्लीभर ओरडून झाला होता, आणि तरी बाबा घरी येऊन चहा प्यायले होते. आता मी तो बोलले की तो खरा होणार होता. मला तो खरा नको होता. मी काच वर केली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि रांगेतून सरकत राहिले. ब्रेक दाबला की बाबांचं डोकं जरासं पुढे यायचं. म्हणून ब्रेक हळू दाबत होते.

दोरावर चुलतभाऊच होता. त्याने डबा पुढे केला. मी पर्समधून नोट काढली आणि टाकली. ती भोकात जाईना, त्यानेच आत ढकलली.

"काका कसं हायेत आज?"

"झोपलेत," मी म्हटलं.

त्याने मागच्या काचेतून वाकून पाहिलं, आणि मग आवाज बारीक करून म्हणाला, "झोपू दे. म्होरं खड्डा हाय, सावकाश घे."

त्याने दोर उचलून धरला. मी सावकाश घेतली.